द्रोणागिरीच्या पायथ्याशी ‘पान लागलं’ तर

पावसाळा लागला की वाचकांच्या प्रश्नांत एक प्रश्न ठरलेला असतो. पूर्वी तो करंजा, चिरनेर, केगाव अशा गावांतून यायचा. आता द्रोणागिरी नोडमधल्या सातव्या मजल्यावरूनही येतो: ‘सापाच्या विषावर खात्रीची वनस्पती कोणती? कुंडीत लावता येईल का?’ विचारणारे अडाणी नसतात. कुणी बंदरात सुपरवायझर असतो, कुणी शिक्षिका. आजोबांनी कुठली तरी मुळी उगाळून कुणाला तरी वाचवले, ही गोष्ट त्यांनी लहानपणी ऐकलेली असते आणि मोबाइलवर आलेला व्हिडिओ तीच गोष्ट पुन्हा सांगतो.

त्यात उरणचा हा द्रोणागिरी डोंगर. लक्ष्मणासाठी मारुती द्रोणागिरी घेऊन निघाला, वाटेत त्याचा तुकडा इथे पडला, असे उरणात सांगतात. (उत्तराखंडातल्या द्रोणागिरी गावचे लोक आपला डोंगर नेला म्हणून मारुतीची पूजा करत नाहीत. आपल्याला आयता तुकडा मिळाला, त्यामुळे आपली तक्रार नाही.) पण कथा नीट आठवून पाहा. रामायणातल्या त्या डोंगरावर चार औषधी होत्या: मृतसंजीवनी, विशल्यकरणी, सुवर्णकरणी आणि संधानकरणी. बाण काढणारी, कांती परत आणणारी, मोडलेले सांधणारी. सापाचे विष उतरवणारी त्यात एकही नाही. इंद्रजिताच्या नागपाशातून राम-लक्ष्मण सुटले ते गरुड आल्यामुळे. आणि मारुतीने अख्खा डोंगर उचलला तो औषधी ओळखता आली नाही म्हणून! ओळखीचा हा घोटाळा पुढे आपल्यालाही नडणार आहे.

आधी उत्तर

माणसाला विषारी साप चावल्यावर विष उतरवते असे सिद्ध झालेली एकही वनस्पती आज नाही. पोटात घेण्याची नाही, जखमेवर लावण्याची नाही, नाकात पिळण्याची तर नाहीच. शरीरात शिरलेले विष निकामी करणारे औषध एकच, ते म्हणजे सर्पविषरोधक लस. तिला लस म्हणत असले तरी ती आधी टोचून ठेवायची नसते. दंश झाल्यावर, विषाची लक्षणे दिसल्यावर शिरेतून द्यायची असते. ती घोड्यांच्या रक्तातून बनते. परळच्या हाफकिन संस्थेचे नाव या कामाशी कित्येक पिढ्या जोडलेले आहे.

झाडपाल्यावर चिडण्याचे मला कारण नाही. माझा मुद्दा वेळेचा आहे. मुळी शोधायला, ती उगाळायला आणि ‘उतार पडतो का’ बघत बसायला जे दोन-तीन तास जातात, तेवढ्यात मण्यारीचा दंश झालेल्या माणसाचा श्वास थांबू शकतो. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज एका मोठ्या देशव्यापी अभ्यासाने मांडला आहे. त्यातले बहुतेक मृत्यू ग्रामीण भागातले, आणि कितीतरी माणसे दवाखान्याचे दार न बघताच गेलेली.

पहिला अर्धा तास

आपल्याकडे रात्री सापाचे नाव घेत नाहीत. ‘जनावर’ म्हणतात, आणि दंश झाला तर ‘पान लागलं’ म्हणतात. नाव घ्या वा न घ्या, पुढच्या गोष्टी मात्र याच क्रमाने करा.

- सापापासून दूर व्हा. त्याला मारू नका, पकडू नका, त्याच्या मागे धावू नका. लांबून सहज फोटो मिळाला तर घ्या, नाहीतर सोडून द्या. साप ओळखला नाही तरी डॉक्टर लक्षणांवरून उपचार करतात.
- १०८ला फोन करा. रुग्णवाहिकेला उशीर होणार असेल तर हाताशी असेल ते वाहन काढा. दुचाकी असेल तर रुग्णाला मध्ये बसवून मागे एकाने धरून बसावे.
- अंगठी, बांगड्या, पैंजण, जोडवी, घड्याळ लगेच काढा. सूज चढली की ती कापून काढावी लागतात.
- हात किंवा पाय मोडल्यावर जसा फळीला बांधतो तसा हलू न देता ठेवा. कापडाची पट्टी सैल असावी. रुग्णाला चालवू नका, उचलून न्या.
- दंशाची वेळ कागदावर लिहा. सूज जिथपर्यंत आली असेल तिथे पेनाने रेघ मारून बाजूला वेळ टाका. ही रेघ डॉक्टरांना फार उपयोगी पडते.
- उलटी होत असेल तर रुग्णाला डाव्या कुशीवर झोपवा.

न करण्याच्या गोष्टी: घट्ट दोरी आवळणे, ब्लेडने चिरा पाडणे, तोंडाने विष ओढणे, बर्फ लावणे, दारू पाजणे, आणि कोंबडीचे गुद जखमेला लावणे. शेवटचा प्रकार वाचून शहरातले वाचक हसतील, पण एकामागून एक कोंबड्या मरतात तोवर विष उतरते आहे अशी समजूत कोकणात अजून पूर्ण गेलेली नाही. दोरी आवळण्याचे मूळ मात्र जुने आहे. सुश्रुतसंहितेतही दंशाच्या वर बंध बांधायला सांगितले आहे. आज ते का नको? रक्तपुरवठा तुटून हात-पाय कुजतो, आणि बंध सोडताक्षणी अडलेले विष एकदम अंगभर जाते. म्हणूनच कुणी आधीच दोरी आवळून ठेवली असेल तर ती वाटेत सोडू नका. दवाखान्यात, औषधाची तयारी झाल्यावर डॉक्टरच ती सोडतील.

कोणत्या वनस्पतीबद्दल काय खरे

सगळ्यात जास्त विचारणा होते ती सर्पगंधेची. नावातच सर्प असल्यामुळे ती सापावरच चालणार असे आपण धरून चालतो. सर्पगंधा खरोखर मोठी औषधी आहे, फक्त वेगळ्या आजारावर. मुंबईचे डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये तिच्या मुळीचा रक्तदाब उतरवण्याचा गुण मांडला, आणि १९५२मध्ये तिच्यातले रेसरपिन वेगळे काढण्यात आले. जगभरच्या डॉक्टरांनी ते वापरले. पण रक्तदाब उतरवणारी हीच मुळी घोणसच्या दंशाने आधीच रक्तदाब ढासळलेल्या माणसाला पाजली तर काय होईल, याचा विचार तुम्हीच करा.

दुसरी सापसंद, म्हणजेच ईश्वरी. कुंपणावर चढणारा वेल, पुंगळीसारखे फूल. विष, विंचू, ताप, सगळ्यावर हिची मुळी देतात. हिच्या जातीतल्या वनस्पतींत अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल असते. ते मूत्रपिंडे निकामी करते आणि त्याने कर्करोग होतो हे आता पक्के झाले आहे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन कमी करण्यासाठी अशाच जातीची पूड असलेली औषधे घेतलेल्या अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे कायमची गेली. घोणसचे विषही मूत्रपिंडांवरच हल्ला करते. एका बाजूने साप, दुसऱ्या बाजूने मुळी, आणि मध्ये रुग्ण.

कळलावी सगळ्यांनी पाहिलेली असते; श्रावणात कुंपणावर ज्वाळेसारखी लाल-पिवळी फुले येतात ती. कोकणात तिला खड्यानागही म्हणतात, म्हणजे पुन्हा नावात नाग आलाच. तिच्या कंदात कोल्चिसिन असते. थोड्याशा कंदाने उलट्या-जुलाब आणि मग एकेक अवयव बंद पडत माणूस दगावतो. काजऱ्याच्या बियांत स्ट्रिकनिन असते, त्याने झटके येतात. ही दोन्ही नावे ऐकली तर रुग्णाच्या तोंडाजवळही काही नेऊ देऊ नका.

सापकांदा पावसात डोंगरउतारावर उगवतो. फणा काढलेल्या नागासारखा दिसतो, म्हणून नागावर औषध. रूपावरून गुण ठरवण्याची ही पद्धत फक्त आपलीच नाही, जगभर आहे. त्याच्या कंदात सुईसारखे बारीक स्फटिक असतात. घशात गेले की घसा सुजतो, आणि मण्यारीच्या किंवा नागाच्या विषाने ज्याला धड गिळता येत नाही त्याचा श्वास आणखी कोंडतो. खडशिंगीच्या लांब, वळणदार शेंगा गरुडसंजीवनी म्हणून जत्रेत विकायला असतात. त्या दाराला टांगल्या तर घराला शोभा येते, एवढेच.

आता ज्यांच्याबद्दल थोडे चांगले बोलता येईल अशा दोघी. उपळसरी, म्हणजे अनंतमूळ: कोलकात्याच्या संशोधकांनी तिच्या मुळीतल्या घटकांनी काही विषांचे परिणाम प्रयोगशाळेत कमी झाल्याचे दाखवले आहे. खाजकुइली: तिच्या बियांचा अर्क दिलेले उंदीर फुरशाच्या जातीच्या विषापुढे जास्त टिकले. मग ‘बघा, विज्ञानानेही मानले’ असा संदेश फिरतो. त्यात एक गोष्ट गाळलेली असते. उंदरांना तो अर्क विष टोचण्याच्या कित्येक दिवस आधी दिला होता. अशा पुष्कळ प्रयोगांत विष आणि अर्क नळीत आधी मिसळतात आणि मग प्राण्याला टोचतात. साप आपल्याला तीन आठवडे आधी सूचना देत नाही. उंदरापासून माणसापर्यंतचा रस्ता या दोघींनी अजून पार केलेला नाही.

निर्गुडी, आघाडा, रुई, कडुनिंब यांच्याबद्दल वेगळे लिहीत नाही. सुजेवर शेक, दातांना काडी, यासाठी त्यांचे घरात स्थान आहे, ते राहू द्या. कडुनिंबाचा पाला किंवा मिरची चावायला देऊन ‘कडू लागले का, तिखट लागले का’ असे विचारून विष चढले की नाही ते ठरवतात. ही परीक्षा निरुपयोगी आहे. चव नीट लागत असतानाही मण्यारीचे विष आपले काम करत असते.

‘पण आमच्याकडे माणसे बरी झाली आहेत’

झाली असतील, यात खोटे काही नाही. आपल्या भागात दिसणारे बहुतेक साप बिनविषारी आहेत: धामण, दिवड, नानेटी, कवड्या, तस्कर. दिवड तर चिडली की कडकडून चावते, रक्त येते, घरात रडारड होते. मुळी उगाळून लावली की माणूस बरा होतो. भस्म लावले असते तरी झाला असता, नुसता चहा पाजला असता तरी. कवड्या मण्यारीसारखा दिसतो, त्यामुळे ‘मण्यार चावली आणि वाचला’ अशा कथांत पुष्कळदा तोच असतो. विषारी सापही काही वेळा चावताना विष सोडत नाहीत. त्याला कोरडा दंश म्हणतात.

म्हणजे मंत्राने, मुळीने विष उतरवतो म्हणणाऱ्या भगताकडे येणाऱ्यांतले बरेचसे औषधाविनाच बरे होणारे असतात. जे दगावतात त्यांच्याबद्दल ‘आणायला उशीर केला’ असे म्हटले जाते. हेच वाक्य दवाखान्यातही ऐकू येते. फरक इतकाच, की तिथे ते खरे असते.

कोणत्या सापाने काय होते, थोडक्यात

- नाग: दंशाजागी दुखणे, सूज, पुढे मांस काळे पडणे, पापण्या जड होणे, बोबडी वळणे, श्वास मंदावणे.
- मण्यार: सगळ्यात फसवी. बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते. दुखत नाही, सूज नाही, खूण सापडत नाही. पहाटे पोटात दुखते, घसा दुखतो, पापण्या उघडत नाहीत. पावसाळ्यात पहाटे कुणाला असे झाले तर ‘पित्त झाले’ म्हणून घरी थांबू नका.
- घोणस: असह्य वेदना, भराभर चढणारी सूज, हिरड्यांतून रक्त, लाल किंवा कमी लघवी.
- फुरसे: जांभ्या दगडाच्या सांदीतले वीतभर जनावर. ‘एवढेसे तर आहे’ म्हणून दुर्लक्ष होते. रक्त गोठेनासे होते, कधी दुसऱ्या दिवशी लक्षात येते.

आपल्याकडची लस या चौघांवर चालते. कर्नाळ्याच्या रानात किंवा घाटात आढळणाऱ्या हिरव्या चापड्यासाठी ती बनवलेली नाही. त्या दंशाला डॉक्टर वेदना, सूज आणि रक्तस्राव सांभाळतात. म्हणून दवाखाना तिथेही हवाच.

करंजाच्या मासेमारांसाठी वेगळे

जाळ्यात आलेला समुद्री साप सोडवताना बोटाला ओरखडा येतो. दुखत नाही, म्हणून होडी परत फिरत नाही. दोन-चार तासांनी मांड्या-पाठ ठणकू लागते, मान आखडते आणि लघवी काळपट होते. आपली लस या विषावर चालत नाही. मूत्रपिंडे आणि श्वास सांभाळणे हाच उपचार, त्यासाठी डायलिसिस व व्हेंटिलेटर असलेले रुग्णालय लागते. काळपट लघवीची वाट न पाहता किनाऱ्याला लागा. साप सोडवायचा तर हाताने नको, लांब काठीने.

भगत दारात आलाच तर

घरातली वडीलधारी माणसे ऐकत नाहीत, शेजारी दडपण आणतात, आणि रात्री बारा वाजता वाद घालायला वेळ नसतो. अशा वेळी भांडू नका. ‘बाबा, तुम्हीही गाडीत बसा, मंत्र वाटेत म्हणा’ असे म्हणा. भगत सोबत आला तर रुग्णाला धीर येतो, आणि धीर देणे हा खरोखर पहिला उपचार आहे. काही ठिकाणी भगतच आता रुग्णाला दवाखान्यात पाठवतात. अशांचा जाहीर सत्कार ग्रामसभेत व्हायला हवा असे माझे मत आहे.

एक अट मात्र सोडू नका: तोंडावाटे काहीही द्यायचे नाही. गिळण्याचे स्नायू लुळे पडत असतील तर पाजलेला रस फुप्फुसात जातो. आधीच काही दिले गेले असेल तर डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा आणि त्या पाल्याचा, मुळीचा तुकडा पिशवीत घेऊन जा. डॉक्टर रागावतील या भीतीने लपवलेली कळलावी सापापेक्षा महागात पडते.

दवाखान्यात काय घडते आणि काय विचारावे

उरणचे ग्रामीण रुग्णालय, पनवेलचे उपजिल्हा रुग्णालय आणि अलिबागचे जिल्हा रुग्णालय ही आपल्या भागातली सरकारी ठिकाणे. त्यांत तुम्हाला सर्वात जवळचे कोणते, तिथे लस आहे का आणि रात्री कोण असते, हे आजच, साप नसताना, जाऊन विचारून ठेवा. पनवेलपर्यंत ट्रेलरची रांग केव्हा लागते हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. मोठ्या रुग्णालयाच्या मोहात जवळचे टाळू नका. लसीची पहिली मात्रा जवळच्या ठिकाणी घेऊन पुढे जाता येते.

तिथे गेल्यावर रक्त काढून स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत २० मिनिटे न हलवता ठेवतात. तोवर ते गोठले नाही तर घोणस किंवा फुरशाचे विष अंगात आहे. इतकी साधी चाचणी आहे, तिला यंत्र लागत नाही. पहिल्यांदा रक्त गोठले तरी ती पुन्हा करावी लागते.

लक्षणे असतील तर साधारण ८ ते १० कुप्या सुरुवातीलाच देतात. इतक्या कशाला, असे नातेवाईक विचारतात. घोणसच्या एका दंशात सरासरी ६३ मिलिग्रॅम विष जाते असे धरले आहे, आणि १० मिलिलिटरची एक कुपी घोणसचे ६ मिलिग्रॅम विष निकामी करते. बाकी हिशोब सरळ आहे. लहान मुलालाही तेवढ्याच कुप्या लागतात, कारण सापाने मुलाचे वय पाहून विष कमी सोडलेले नसते.

लस देताना अंगावर पित्ताच्या गांधी उठणे, थंडी वाजणे, रक्तदाब पडणे असे होऊ शकते. त्यावरचे अ‍ॅड्रेनलिन डॉक्टर हाताशी ठेवतात. पूर्वी कशाची अ‍ॅलर्जी झाली असेल तर आधी सांगा. उलट लक्षणे नसतील तर लस देत नाहीत, नुसते २४ तास नजरेखाली ठेवतात. त्याला ‘काही करत नाहीत’ समजून रुग्णाला घरी नेण्याची चूक फार जण करतात. मण्यारीचे विष नेमके त्याच रात्री उठते.

घरी आल्यावर आठ-पंधरा दिवसांत ताप, सांधेदुखी, अंगावर पुरळ आले तर ती लसीची उशिराची प्रतिक्रिया असते. परत जाऊन औषध घ्या. घोणसच्या रुग्णाने लघवी आणि मूत्रपिंडांची तपासणी पुन्हा करून घ्यावी.

तुमचे हक्क

- तातडीच्या रुग्णाला पोलिसांचे सोपस्कार पूर्ण होईपर्यंत थांबवता येत नाही. सरकारी असो की खासगी, डॉक्टरने आधी जीव वाचवायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९मध्ये परमानंद कटारा प्रकरणात स्पष्ट केले आहे. पुढे पाठवताना काय दिले आणि किती वाजता दिले, याची चिठ्ठी मागून घ्या.
- राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत ऑगस्ट २०२३पासून उपचार मोफत आहेत. खासगीत जावे लागले तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा आरोग्यमित्र कुठे बसतो ते दाखल होतानाच विचारा, बिल हातात आल्यावर नव्हे.
- महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू किंवा कुत्रा चावल्यावर रुग्णाला वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा गुन्हा आहे. शिक्षा ६ महिने ते ७ वर्षे, दंड ५ हजार ते ५० हजार रुपये. गुन्हा मंत्र म्हणण्याचा नाही, उपचारापासून अडवण्याचा आहे. तक्रार पोलीस ठाण्यात करता येते.
- शेतकऱ्याचा किंवा त्याच्या कुटुंबातल्या एका सदस्याचा सर्पदंशाने मृत्यू झाला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून २ लाख रुपये मिळतात. हात, पाय किंवा डोळा कायमचा गेल्यासही मदत आहे. वय १० ते ७५. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे ३० दिवसांच्या आत. सिडकोच्या भूसंपादनात ज्यांची जमीन गेली त्यांनी सातबारावर आपले नाव अजून कुठे आहे का, ते आधी पाहावे. रुग्णाला भगताकडेच ठेवले आणि दवाखान्याचा एकही कागद नसला तर मृत्यू सापानेच झाला हे दाखवणे अवघड जाते. ही गोष्ट घरातल्या हट्टी वडीलधाऱ्यांना सांगून पाहा, कधी कधी चालते.

घराभोवती

मिठागरे, खाजण आणि भाताची शेते भरून नोड उभा राहिला, पण तिथले साप स्थलांतराची नोटीस घेऊन कुठे जाणार? ते आपल्या पार्किंगमध्ये येतात, कारण कचऱ्यावर उंदीर असतात. दारात सर्पगंधा लावून किंवा फिनेल टाकून ते येणे थांबत नाही. कचरा उचलला आणि सांडपाण्याच्या पाइपांना जाळी बसवली की बराच फरक पडतो. लावणीला गमबूट, रात्री हातात बॅटरी, आणि जमिनीवर झोपायचे असेल तर कडा गादीखाली खोचलेली मच्छरदाणी घ्या. मण्यारीविरुद्ध मच्छरदाणी किती कामाची आहे हे फार थोड्यांना ठाऊक असते. साप घरात आला तर सर्पमित्राला बोलवा. मारणे वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, आणि साप मारायला गेलेल्यांनाच पुष्कळदा तो चावतो.

ज्यांना खरोखर वनस्पती ठाऊक आहेत त्यांच्यासाठी

कातकरी आणि ठाकूर वाड्यांवर अशी माणसे अजून आहेत, जी शंभरेक झाडे पानाच्या वासावरून सांगतात. त्यांच्या ज्ञानाला सापाच्या विषाची परीक्षा लावून नापास करणे हा अन्याय होईल. सर्पगंधेचा खरा गुण कळला तो कुणीतरी ती वापरत होते म्हणूनच. हे ज्ञान जपायचे असेल तर रस्ता असा आहे.

जैविक विविधता कायदा, २००२नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायला हवी. ग्रामपंचायतीकडे ती वही मागा. तुमच्या वाडीतली वनस्पती तिच्या स्थानिक नावाने, कुठे उगवते, कशासाठी आणि कोण वापरते, अशा तपशिलाने नोंदवा. फुला-फळासह फांदी दाबून वाळवा आणि जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात दाखवून शास्त्रीय नाव लिहून घ्या. ‘नागावरची मुळी’ या एका नावाने तीन गावांत तीन वेगळी झाडे निघतात. एखादी कंपनी ते ज्ञान वापरायला आली तर लाभात वाटा मागण्याचा हक्क कायद्याने दिला आहे. माहिती देण्याआधी लिखित संमतीपत्र मागा, आणि त्याची एक प्रत समितीकडे व एक मुळी ओळखणाऱ्या माणसाच्या घरी राहील असे पाहा.